त्रिवेणीच्या मानेतलं पाणी

बशीरबागचा चौक ओलांडला आणि मग त्रिवेणी बोलली. खैरताबादच्या स्कॅन सेंटरमधून निघताना तिनं एवढंच सांगितलं होतं, "चालतच जाऊ आक्का. घरी गेलं की बोलता यायचं नाही." ऑटोवाल्यांचा संप होता. सिटी बस दोन-तीनदा शेजारून गेल्या, पण तिनं वर पाहिलं नाही. फिल्मांचं मोठं पाकीट छातीशी धरून ती चालत होती आणि मी तिची पिशवी घेऊन शेजारून.

"तुम्ही पाहिलंत ना, पाणी हलताना?" तिनं विचारलं.

"पाहिलं."

"माझ्या मानेतलं."

"तुझ्याच मानेतलं. तू त्या नळकांड्यात निजलेली होतीस तेव्हा."

"मग सांगा की. ह्या फिल्मांवर तर ते हलत नाही म्हणाले डॉक्टर."

तिला काय पाहिजे होतं ते मला माहीत होतं. ते पाणी पुन्हा नीट वाहू लागेल आणि तिच्या हाताला पहिल्यासारखं ऊन-गार कळू लागेल, एवढं एकच ती माझ्या तोंडून ऐकायला बघत होती.

त्रिवेणी आमच्या शेजारची. काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं आणि तिच्या सासूचं, सुशीलाबाईंचं, घर भिंतीला भिंत लागून आहे. सुशीलाबाईंचे यजमान बिलोलीकडची शेती भावांवर सोडून निजामाच्या रेल्वेत लागले, तेव्हापासून ही मंडळी हैदराबादची झाली. यजमान आता नाहीत. मुलगा दिलीप कुकटपल्लीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्रिवेणी त्याची बायको. देगलूरच्या बाजूच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा तिला इथली हिंदी येत नव्हती. भाजीवाल्याला ती मराठीतच दटावायची, आणि तोही काही न समजता कोथिंबीर वाढवून द्यायचा.

मी तिच्याहून बरीच मोठी. घरी शिवणाचे क्लास घेते. दुपारी ती माझ्याकडे काजं-बटणं करायला बसायची. तिची बोटं फार चपळ होती. ज्वारीची भाकरी तर अशी की गल्लीतल्या तेलुगू बायकाही शिकायला यायच्या. तव्यावरची भाकरी ती बोटांनीच उलटायची. आम्हीही उलटतो, पण चटका बसला की बोट कानाच्या पाळीला लावतो. त्रिवेणीनं कधी लावलं नाही. कधीतरी तिच्या बोटांवर फोड दिसायचे. विचारलं तर म्हणायची, "असेल कुठंतरी लागलं."

सुशीलाबाईंच्या देवघरात माहूरच्या रेणुकेचा टाक आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे आरती असते आणि गल्लीतल्या आम्ही आठ-दहा जणी जातो. एका शुक्रवारी आरती संपता संपता ताटातली पेटती कापराची वडी निसटली आणि त्रिवेणीच्या उघड्या तळहातावर पडली. तिचे डोळे मिटलेले होते. आम्ही बघत राहिलो. तिनं डोळे उघडले, हातावर ज्योत पाहिली. देवीपुढचा अग्नी खाली कसा टाकायचा, म्हणून तो तसाच हातावर घेऊन ती देवघराशी गेली आणि टाकापुढं ठेवून परत जागेवर आली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

सुशीलाबाई उठल्या आणि त्यांनी सुनेच्या पायाला हात लावला. मग आम्ही सगळ्यांनीच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तळहातावर मोठा फोड आला. त्याला मलम लावलं नाही, देवीचा अंगारा लावला. पुढच्या शुक्रवारी सुशीलाबाईंनीच कापूर तिच्या हातावर ठेवला.

ते दिवस असे होते की ज्याला त्याला काही ना काही हवं होतं. पूर्वी एक नोकरी लागली की नारळ फोडून माणूस निवांत व्हायचा. आता कोणाचा मुलगा अमीरपेठेत कॉम्प्युटरचा कोर्स करत होता, कोणाला परदेशचा व्हिसा पाहिजे होता, कोणाच्या कारखान्यात माणसं कमी करायचं चाललं होतं. शुक्रवारची गर्दी वाढली. नारायणगुड्याहून बायका यायला लागल्या, मग कुकटपल्लीच्या नव्या कॉलन्यांतून पुण्या-मुंबईच्या बायका मोटारीतून. आमच्या गल्लीत मोटार वळत नाही, त्यामुळे ती स्टेशनपाशी लावून त्या चालत यायच्या आणि आल्या आल्या चपला कुठं काढायच्या ते विचारायच्या.

त्यातली एक मंगला म्हणून होती. तिनं त्रिवेणीचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यांचं एच-वन अडकलंय हो. तेवढं बघा."

ती गेल्यावर त्रिवेणी मला म्हणाली, "आक्का, एच-वन म्हणजे काय?"

"मला तरी काय माहीत. अमेरिकेचं काहीतरी."

"मग देवीला तरी माहीत असेल का? ती माहूरची."

आम्ही दोघी हसलो. सुशीलाबाईंनी आतून विचारलं, "काय चाललंय गं?" आणि आम्ही पुन्हा काजं करायला लागलो.

त्या हाताबद्दल तिला स्वतःला काय वाटायचं, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. बोलली ती पोरीच्या तापात.

तिची मुलगी प्रियदर्शिनी तेव्हा दुसरीत होती. सकाळी पोर म्हणाली, आई, कसंतरी होतंय. त्रिवेणीनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काही नाही, गार आहेस. जा शाळेत." दुपारी शाळेतून माणूस बोलवायला आला. आम्ही दोघी धावत गेलो. पोर ऑफिसातल्या बाकावर आडवी होती आणि काहीबाही बडबडत होती. मी तिच्या गालाला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. पुढं टायफॉइड निघाला, बरीही झाली. पण त्या दुपारी दवाखान्याच्या पायरीवर त्रिवेणीनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"ह्याच हातानं बघितलं होतं आक्का. मला गारच लागली."

"होतं असं कधी कधी. ताप मागून चढला असेल."

"मागून नाही. मला कळतच नाही. हाताला लेकराचे केस कळतात, घाम कळतो, कपाळ कळतं. ऊन कळत नाही. कापूर पण नाही, तवा पण नाही. कधीपासून ते सांगता यायचं नाही मला."

ती पुढं म्हणाली, "ही झाली तेव्हा कळत होतं. थंडीचे दिवस होते. शेगडीवर हात शेकायचे आणि मग हिला घ्यायचे. मुटकुळं करून हाताशी घेतलं की आधी माझं ऊन तिला जायचं आणि थोड्या वेळानं तिचं मला यायचं. ते आठवतंय मला अजून. ते मला परत पाहिजे."

तिनं देवीकडं दुसरं काही मागितल्याचं मला माहीत नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा भलत्याच रोगाचा संशय घेतला, ज्याचं नाव घरात कोणी मोठ्यानं घेत नाही. तपासणीत तो नाही असं ठरलं. मग त्यांच्या चिठ्ठीवरून आम्ही मेंदूचे डॉक्टर श्रीकांत यांच्याकडे गेलो. तेलुगू माणूस, वयानं तरुण. त्यांनी हाताला, खांद्याला टाचणी टोचून पाहिली. कुठं कळतं आणि कुठं नाही, याच्या रेघा त्यांनी तिच्या दंडावर पेनानं ओढल्या. मग विचारलं, "छींक आई, खांसी आई, तो गर्दन में दर्द होता क्या?"

"हौ," त्रिवेणी म्हणाली. हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं.

"तकलीफ हाथ में नहीं है अम्मा. गर्दन में है."

सुशीलाबाईंना हे पटलं नाही. हाताचं दुखणं मानेत कसं, आणि दुखतच नाही तर दुखणं कसलं, असं त्यांचं म्हणणं. दिलीपनं तेवढं म्हटलं, "एकदा बघून तर घेऊ." त्याच्या कारखान्यात रोज कोणाला ना कोणाला घरी बसवत होते, त्याला रजा मागायची सोय नव्हती. म्हणून तिच्याबरोबर मी गेले.

परदेशातून यंत्रं आणायची मोकळीक झाली होती, त्यामुळे शहरात खाजगी स्कॅन सेंटरं निघत होती. हे त्यातलंच एक. आत गारठा, गुळगुळीत फरशी, भिंतीवर टीव्ही. अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. त्रिवेणीनं पिना काढल्या, जोडवी काढली. मंगळसूत्राशी येऊन थांबली. सुशीलाबाईंनी ते आधीच ओळखलं होतं. त्यांनी पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड माझ्याजवळ दिलं होतं. ते मी तिच्या गळ्यात बांधलं आणि मंगळसूत्र माझ्या रुमालात घेतलं.

तिथल्या माणसानं तिच्या बोटाला नाडीचा चिमटा लावला आणि म्हणाला, "अम्मा, आवाज होता, डरना नक्को. हिलना बिलकुल नक्को." फळी आत सरकली. भिंतीपलीकडून कोणी हातोडा घालावा तसा आवाज सुरू झाला. मी बाहेर काचेपाशी बसून नाम घेत होते.

बराच वेळ गेला. डॉक्टर श्रीकांत स्वतः येऊन संगणकाशी बसले. पडदा पाहून त्यांनी जिभेनं च्यक् केलं आणि त्या माणसाला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मी घाबरले. त्यांनी मला जवळ बोलावून खुर्ची दिली.

ते म्हणाले ते मला समजलं तसं लिहिते. मेंदूच्या भोवती आणि पाठीच्या कण्यातून एक नितळ पाणी असतं. ते रक्तासारखं धावत नाही. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला थोडं खाली सरकतं आणि परत वर येतं. ते हलताना बघायचं तर त्याचा वेग साधारण किती असेल, हे यंत्राला आधी सांगावं लागतं. वेग जास्त धरला तर धावतं रक्त तेवढं दिसतं, आणि हे हळू चालणारं पाणी थांबल्यासारखंच दिसतं. पहिल्या खेपेला तसं झालं होतं. आता वेग कमी धरून पुन्हा बघायचं, आणि तोवर त्रिवेणीनं आणखी थोडं निपचित पडून राहायचं.

दुसऱ्या खेपेला पडद्यावर तिची मान दिसली, बाजूनं. खाली जाणारं पाणी पांढरं उमटत होतं, वर येणारं काळं. पांढरं, काळं, पांढरं, काळं, तिच्या नाडीबरोबर. काचेपलीकडं ती मेल्यासारखी निश्चल पडली होती आणि इकडे तिच्या आत एवढं काही चाललं होतं. मी पायातल्या चपला सरकवून ठेवल्या आणि हात जोडले. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. मानेच्या पुढच्या बाजूनं पाणी जात-येत होतं. मागच्या बाजूला नुसता राखाडी रंग, तो बदलतच नव्हता.

हेच मी तिला हिमायतनगरच्या रस्त्यावर सांगितलं. शिवणाची बाई म्हणून मला नेफा आठवला.

"नेफ्यात नाडी कशी पुढं-मागं सरकते, तसं ते पाणी. मागच्या अंगाला तुझ्या मेंदूचा एक कोपरा खाली उतरून बसलाय, तिथं ते अडकतं. मग त्याला जायला जागा नाही म्हणून कण्याच्या आतल्या दोरीत पोकळी झालीये आणि ते तिथं साठलंय. ऊन-गार सांगणाऱ्या तारा नेमक्या तिथूनच जातात. हात लावलेला कळायची वाट वेगळी आहे, ती वाचली."

"आणि ऑपरेशन करून?"

"मागून थोडं हाड काढून जागा करायची. पाण्याला वाट झाली की पोकळी वाढायची थांबते. नाहीतर बोटांतली ताकद जाईल म्हणाले. भाकरी थापता यायची नाही, बटण लावता यायचं नाही."

"ते ऐकलं मी. मी ऊन विचारते."

डॉक्टर जे बोलले होते ते दोघींच्या समोर बोलले होते. गेलेलं परत येईलच असं मी म्हणणार नाही, काहींना थोडं येतं, पुष्कळांना येत नाही, असं ते म्हणाले होते. तिनं ते ऐकलं होतं, तरी माझ्याकडून वेगळं ऐकायचं होतं. मी म्हटलं, "ते देवीच्या हाती."

"हौ," ती म्हणाली, आणि तिनं पाकीट या हातातून त्या हातात घेतलं.

नारायणगुड्याला फूटपाथवर एका झाडाखाली ती थांबली. पाकिटातून फिल्म काढून तिनं आभाळाकडं धरली. मान, मणके, आणि मण्यांच्या माळेशेजारून खाली गेलेला एक लांबट डाग. ती बघतच राहिली. शेजारचा कुलपं दुरुस्त करणारा आपलं काम सोडून उठून आला.

"क्या हुआ अम्मा, हड्डी टूटी क्या?"

"हड्डी अच्छी है भय्या. पानी अटका है."

त्यानंही मान वर करून फिल्म पाहिली. "तो प्लंबरकू बुलाव," म्हणाला.

त्रिवेणी एवढी हसली की तिला मानेत कळ आली आणि तिनं मान धरली, पण हसणं थांबेना. फिल्म नीट पाकिटात घालत ती मला म्हणाली, "चला. बोलावते प्लंबरला."

घरी सुशीलाबाई दारातच होत्या. मी रुमाल सोडून मंगळसूत्र त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते सुनेच्या गळ्यात घातलं आणि मग विचारलं. त्रिवेणीनं सगळं सांगितलं, नेफ्यासकट. सुशीलाबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे एवढे शुक्रवार आम्ही काय करत होतो?"

"आरती करत होतात आत्याबाई."

"देवीनं दिलेलं कापून काढायचं म्हणतेस तू."

"देवीनं दिलं असेल तर ते कापल्यानं जायचं नाही. आणि मला ते नको आहे. मला पोरीचा ताप कळायला पाहिजे."

"आणि एवढं करून नाहीच कळलं तर?"

सुशीलाबाईंनी सुनेचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तळवा उजेडाकडं केला. जुन्या फोडांच्या जागी कातडी चकचकीत झाली होती, रेषा पुसल्या होत्या. त्यांची म्हातारी बोटं एकेका डागावरून फिरली. फार वेळ. मग म्हणाल्या, "मला वाटायचं तुला लागतच नाही. ती तुला सांभाळते."

"सांभाळलंच की. बोटं आहेत अजून."

त्या शुक्रवारी सुशीलाबाईंनी दाराला आतून कडी घातली. मोटारीतून आलेल्या बायकांना खिडकीतूनच सांगितलं, "सून आजारी आहे. आरती आपापल्या घरी करा." आत आम्ही गल्लीतल्याच होतो. आरती झाली आणि कापूर ताटातच ठेवून ते सगळ्यांपुढं फिरलं.

ऑपरेशन उन्हाळ्याआधी झालं. मागचे केस काढले होते, मानेवर उभी टाक्यांची ओळ. खोकल्यावर येणारी कळ गेली. बोटांची पकड होती तेवढी राहिली. डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन करून पाहिलं. मागच्या बाजूलाही आता पांढरं-काळं होतंय असं ते म्हणाले. पाणी चालायला लागलं होतं.

ऊन आलं नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

मग एका सकाळी सुशीलाबाई पेढे घेऊन आमच्याकडे आल्या. चहाचा पेला हातात घेतल्यावर त्रिवेणी म्हणाली होती, ऊन लागलं. दिलीपनं कधी नाही ती कारखान्यात फोन करून सुट्टी घेतली. दोन दिवस घरात सण होता. तिनं काहीही हातात घ्यावं आणि ऊन म्हणावं, की दिलीप म्हणायचा "हो, ऊनच आहे", आणि गार म्हणावं की सुशीलाबाई म्हणायच्या "बरोबर ओळखलंस". पोरगी टाळ्या वाजवायची.

मी भेटायला गेले तेव्हा त्रिवेणी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. सुशीलाबाई प्रियदर्शिनीला घेऊन बाजारात गेल्या होत्या. तिनं मला जवळ बसवलं. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, चेहरा उतरलेला, डोळे मात्र मोठे झालेले.

"काल मी गारच पेल्याला ऊन म्हणाले," ती म्हणाली. "माठातलं पाणी होतं. नंतर तोंडाला लावल्यावर कळलं. आणि हे म्हणाले, हो, ऊन आहे."

"त्यांना वाटतं तुला बरं वाटावं."

"मला कळतं ते. आणि मी पण तशीच आक्का. मला एवढं पाहिजे आहे ते, की मनच म्हणतं आलं, आलं. मग खरं आलं तर मला कसं कळायचं?"

स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. ती संपेपर्यंत तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. माझा हात तिला कसा लागत होता कोण जाणे. मला तिचे हात चांगले ऊन लागत होते.

"तुमचं एक काम आहे," ती म्हणाली. "दुपारी क्लासच्या पोरी गेल्या की रोज या. दोन वाट्यांत पाणी आणा, एक ऊन, एक गार. मी डोळे मिटून हात घालीन आणि सांगीन. चुकले तर चुकलीस म्हणा. माझ्या तोंडाकडं बघून काही म्हणू नका."